एमएम ५४० जीप घरच्या शेडमध्ये दुरुस्त करायची आहे: पूर्ण उघडू की एकेक भाग घेऊ?

कृष्णाकाठ
गाडी महिंद्रा एमएम ५४०, नोंदणी १९९१, इंजिन प्युजोचं एक्सडीपी ४.९०. २०१९ च्या पुरात शेडमध्ये फ्लोअरच्या वर वीतभर पाणी होतं, साधारण तीन दिवस. त्यानंतर सेल्फ मारलेला नाही. टायर बसलेत, क्लच पेडल दाबलं जातं पण गाडी ढकलली तर कुठल्याच गिअरला सुटत नाही. न्यूट्रलला जड सरकते.
हत्यारं: गोटीपान्यांचा एक सेट (एमएम), ग्राइंडर, छोटं आर्क वेल्डिंग मशीन, बाटली जॅक एक. अनुभव शून्य. सांगली-मिरजेचे मिस्त्री म्हणतात बॉडी उतरवून चासी मोकळी करा. शेजारचे काका म्हणतात बॅटरी लावून सेल्फ मारा, बाकी नंतर. सुरुवात नक्की कुठून?

घाटमाथा
सुरुवात कपाटातून. आरसी कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपली ते बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण: फॉर्म २५, गाडीची तपासणी, पर्यावरण कर, राहिलेला दंड. ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर वारसांची कागदपत्रं आधी. हे जुळत नसेल तर पाना हातात घेऊ नका, नाहीतर शेवटी अंगणात ठेवायला एक सुंदर बाकडं तयार होईल.
दुसरं: चासी नंबर. चासीवरचा नंबर शोधून, डिझेलच्या फडक्याने पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्या, फोटो काढा. मग त्या जागेवर ग्रीस लावून मास्किंग टेप मारा. ग्राइंडरच्या वायर ब्रशने नंबर पुसट झाला की तपासणीच्या दिवशी कुणालाही पटवणं अवघड. इंजिन नंबरचंही तेच, आरसीवरचाच आहे ना ते पडताळा.

लेथवाले_मामा
शेजारच्या काकांना चहा पाजा आणि सेल्फपासून लांब ठेवा.
पुराचं पाणी इंजिनात उतरलं की तेलाच्या खाली जाऊन बसतं. चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) बूच अर्धंच सैल करा. आधी पाणी आलं, मग तेल आलं, तर पाणी तळाला साचून होतं. दुधाच्या चहासारखं तेल आलं तर मिसळलेलं आहे. दोन्हीत चेंबर उतरवायचाच. गाळ तिथे बसतो आणि तेलपंपाची जाळी बुजवतो. जाळी बुजली की पाच मिनिटांत बेअरिंगं गेली.
मग हीटर प्लग चारही काढा. प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरवाल्या एटीएफ तेलात निम्मं अॅसिटोन मिसळून दोन-दोन चमचे सोडा, दोन दिवस थांबा. क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून हाताने फिरवा, आधी पाव फेरा पुढे, मग मागे. अडलं तर जोर नको, पुन्हा तेल, पुन्हा वाट बघा. पूर्ण दोन फेरे मोकळे झाल्यावरच सेल्फचा विचार. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाटावर_पाटा
मामांना पुस्ती. पहिल्यांदा फिरवताना डिझेल बंद करून, प्लग बाहेरच ठेवून सेल्फने १०-१५ सेकंदांचे तीन-चार हिसके द्या, तेलाचा दाब येईपर्यंत. मग प्लग लावा, मग डिझेलची हवा काढा: आधी फिल्टरच्या स्क्रूवर, मग पंपावर, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून. आणि इनटेकचं तोंड झाकेल एवढी फळी हाताशी ठेवा. अडकलेल्या पंपाचं डिझेल इंजिन चावी बंद करून थांबत नाही, हवा तोडावी लागते. फळीच. हात किंवा फडकं नाही, खेचून घेतं.

सुटं_चाक
हे सगळं ठीक, पण मूळ प्रश्नावर मिस्त्रींचं बरोबर आहे. तीन दिवस पुराचं पाणी म्हणजे चासीच्या पोटात गाळ. तो गाळ वर्षानुवर्षं ओल धरून आतून खातो. बॉडी उतरवल्याशिवाय ते दिसत नाही. बॉडीचे बोल्ट काढले, स्टिअरिंग, वायरिंग, पेडलचे जोड सोडवले की पाच-सहा माणसांत बॉडीचा टब उचलला जातो. शेड आहे, घाई नाही, मग अर्धवट काम कशाला?

ग्रीसगन
@सुटं_चाक, गाळाचं खरंय, निष्कर्ष चुकतोय. पहिल्यांदा करणाऱ्याची गाडी गंजाने मरत नाही, डब्यांनी मरते. सगळं एकदम उघडलं की चाळीस डबे, लेबल नसलेले सहाशे बोल्ट आणि पुढच्या वर्षी 'जीप, सुट्या भागांत, विकणे आहे' अशी जाहिरात.
आधी तपासा, मग ठरवा. अर्ध्या किलोची हातोडी घेऊन चासी दोन्ही बाजूंनी टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. टणक आवाज म्हणजे पत्रा शाबूत, बद्द आवाज म्हणजे पोकळ. बद्द तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. खास बघायच्या जागा: मागचा आडवा बार, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) हँगर, बॉडी माउंटच्या खालचा भाग, आणि जिथे दुहेरी पत्रा आहे तो प्रत्येक सांधा. गाळ काढायला बॉडी उतरवावी लागत नाही. चासीत कारखान्याचीच भोकं आहेत, त्यातून पाण्याचा पाइप घालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, वाळवा, मग पातळ ऑइल फवारा.
आणि चौकट बघा. सपाट कोब्यावर गाडी उभी करून पुढच्या-मागच्या पाट्यांच्या चारही पिनांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा, कर्ण मोजा. दोन कर्णांत ५-६ मिमीच्या आत फरक असेल तर ठीक. सेंटिमीटरच्या वर गेला तर मात्र मिस्त्री बरोबर.

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. सहाशे बोल्टांपैकी शेवटी किती उरले त्यावर पैज.

मिरज_जंक्शन
बोल्टांवरून: @कृष्णाकाठ, तुमचा एमएमचा सेट निम्म्या गाडीलाच चालेल. इंजिन फ्रेंच वंशाचं, तिथे १०, १३, १७, १९. चासी, ॲक्सल, गिअरबॉक्स, पाटे मूळ अमेरिकन जीप बनवणाऱ्या विलीसच्या वंशाचे, तिथे इंची: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. इंची रिंग पान्यांचा एक सेट आधी घ्या. एका बोल्टला दुसऱ्या जातीचा नट 'थोडा जोर लावून' बसवू नका, आटे जातात.
आणि विलीस वंशाच्या बऱ्याच जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. बघून घ्या.

हिरवा_कंदील
सगळं झाल्यावर मिलिटरी हिरवा मारा, नाद खुळा दिसेल!

घाटमाथा
नका मारू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. शिवाय आरसीवर जो रंग आहे तो बदलला तर आरसीवर नोंद लागते. इंजिन बदललं तरी तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. मोठे टायर, कापलेली बॉडी, बाजारातली नवीन चासी, हे पासिंगला अडकतं.

हिरवा_कंदील
मग खाकी?

घाटमाथा
खाकीला हा नियम अडवत नाही, पण नोंद करून.

लेथवाले_मामा
क्लचबद्दल कुणी बोललं नाही. कुठल्याच गिअरला सुटत नाही म्हणजे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. ओल्यात उभ्या गाडीचं ठरलेलं दुखणं. पेडल पूर्ण दाबून सीटच्या चौकटीपर्यंत लाकडाची आडणी घालून चार-पाच दिवस ठेवा, बेल हाउसिंगवर लाकडी हातोडीने टकटक करा. सुटली तर सुटली. पण पुराच्या गाळात राहिलेली प्लेट पुढे घसरतेच, आणि रिलीज बेअरिंग तर वाळूने भरलेलं असतं. गिअरबॉक्स उतरवायचा असं धरून चाला. उतरवलाच तर प्लेट, प्रेशर, रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि क्रँकचं मागचं सील एकदम. सीलची किंमत किरकोळ, ते बदलायला पुन्हा गिअरबॉक्स काढण्याची मेहनत मोठी.

ऊस_आणि_इंजिन
गंजावर आपल्या भागातला उपाय. मळी (मोलॅसिस) एक भाग, पाणी नऊ भाग, प्लास्टिकच्या पिंपात. सुटे लोखंडी भाग दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवा. मळीतले घटक लोहाच्या गंजाला धरून विरघळवतात, चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल, ड्रमचे मागचे पत्रे, सगळं राखाडी होऊन निघतं. काढल्यावर पाण्याने धुवून लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर तासाभरात पुन्हा पिवळं पडतं.
अॅल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग घालू नका, ते खाल्ले जातात. म्हणजे पंपाची बॉडी, टायमिंग कव्हर नको. पिंप घराच्या पश्चिमेला नको, वास येतो.

चहाबाज
मळी नाही मिळाली तर काकवी चालेल का?

ऊस_आणि_इंजिन
चालेल, पण काकवीत जीप बुडवणाऱ्याला घरात जेवण मिळत नाही. मळी कारखान्यातून परस्पर उचलता येत नाही, त्यावर उत्पादन शुल्काचं नियंत्रण आहे. पशुखाद्याच्या दुकानात गुरांसाठी मिळते तेवढी पुरते.

शॉर्टसर्किट_ताई
घाई असेल तर विजेने: प्लास्टिकचं टब, ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. गंजलेला भाग वजा टोकाला, भंगार लोखंडी पट्टी अधिक टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. पाट्यांना आणि स्प्रिंगांना ही पद्धत टाळा, कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.
वायरिंगही माझ्याकडून घ्या. पुरात भिजलेला जुना हार्नेस दुरुस्त करत बसू नका, तांब्याचा काळेपणा इन्सुलेशनच्या आत वीतभर चढलेला असतो. नवीन ओढा. हेडलाइट ५५/६० वॅटचे दोन म्हणजे हाय बीमला १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. त्यासाठी २.५ चौरस मिमी वायर, रिले आणि १५ चा फ्यूज. टेल-इंडिकेटरला १ चौरस मिमी पुरे. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर चासीवर घासून चकचकीत केलेल्या जागी. इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टी विसरली की सेल्फचा करंट क्लच केबलमधून आणि बेअरिंगांतून वाट काढतो.

ग्रीसगन
ताई, शेवटचं वाक्य सगळ्यांनी भिंतीवर लिहावं. केबल लाल होऊन धूर निघाला की लोक डिझेल गळतंय का शोधत बसतात.

सुटं_चाक
बॉडी न उतरवता वायरिंग, ब्रेक लाइन, टाकी... खाली पाठीवर पडून करणार का सगळं? एका बाटली जॅकवर?

ग्रीसगन
जॅकवर नाही. ३ टनी घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) चार, हा पहिला खर्च. जॅक उचलायला, घोडी धरायला. विटा आणि दगडी ठोकळे अजिबात नको, वीट इशारा न देता फुटते. आणि डिझेल टाकीला वेल्डिंग लावू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, आत वाफ असते. नुसती धुऊन भागत नाही. गळत असेल तर नवी करून घ्या.

पाटावर_पाटा
आता ब्रेक, कारण इंजिन सुरू होण्याआधी गाडी थांबली पाहिजे. चारही ड्रम. पुरानंतर व्हील सिलिंडरमध्ये खड्डे पडलेले असतात. नुसतं वॉशर किट बदलून भागत नाही, आतून बोट फिरवून खरखर लागली तर सिलिंडरच नवीन. मास्टरही. जुने स्टील पाइप बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला, होज तीन असतील तर तिन्ही. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत.
शू जोडीतला लांब लायनर आणि आखूड लायनर यांची जागा बदलू नका. म्हणून एका वेळी एकच चाक उघडा, दुसऱ्या बाजूचं नमुना म्हणून जोडलेलं ठेवा. ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद बाटली. महिनाभर उघडी राहिलेली बाटली फेका, ते हवेतलं पाणी ओढतं. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: आपल्या उजव्या स्टिअरिंगला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

मिरज_जंक्शन
तेलांचा गोंधळ कायम होतो. डिफरेन्शियलला ९० नंबर जीएल-५, गिअरबॉक्सला ९० नंबर जीएल-४. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगा आणि बुश खातात. दुकानदार 'एकच घ्या, सगळीकडे चालतं' म्हणेल. आणि नवीन तेल भरण्याआधी भरणीचं बूच सुटतं का बघा, मग निचऱ्याचं उघडा. उलटं केलं आणि वरचं अडकलं, तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. भरायचं बुचातून ओघळेपर्यंत.
ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोंडं) काढून फुंकून बघा. ते बुजलेले राहिले की गरम झाल्यावर दाबाने तेल सीलमधून थेट ब्रेक शूवर.

लेथवाले_मामा
पुढच्या चाकांच्या नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्यात ग्रीसच्या जागी चिखल असणार. तो उघडताना किंगपिनच्या (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) वर-खालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कुठल्या कुठून निघाल्या ते तारेत ओवून ठेवा. किंगपिन बेअरिंगला ठरावीक ताण लागतो, तो शिमांनी येतो. ढिलं राहिलं की चाळीस-पन्नासला खड्डा लागून पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. लोक त्याला डॅम्पर बसवतात. डॅम्पर आजार झाकतो. कारण चार: किंगपिन, टाय रॉड एंड, शॅकल बुश, तोल गेलेला टायर. याच क्रमाने तपासा. टो-इन साधारण १ ते २.५ मिमी, चाकांच्या पुढच्या कडांतलं अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी.
हबचं बेअरिंग: चाक फिरवत नट घट्ट करा, चाक अडायला लागलं की नट फेऱ्याचा सहावा भाग सैल, मग लॉक वॉशरचं पातं दुमडा. पातं न दुमडता झाकण लावणारे मिस्त्री आहेत.

हिरवा_कंदील
रंग कधी? खाकी म्हणतोय मी.

ऊस_आणि_इंजिन
पावसाळ्यात नाही. प्रायमर सच्छिद्र असतो, ओल धरतो, वर रंग मारला की सहा महिन्यांत फोड. पत्र्याचं काम आणि रंग दिवाळी ते मे. जून ते सप्टेंबर आत बसून गिअरबॉक्स, ॲक्सल, सिलिंडर. साताऱ्याच्या पश्चिमेला असाल तर ऑक्टोबरही धरू नका. लांबी (पुट्टी) जाड थापायची नाही, २-३ मिमीच्या वर गेली तर तिथे पत्रा ठोकायचा राहिलाय. भोकावर लांबी तर मुळीच नको, कुजका पत्रा कापून नवीन तुकडा. आर्क मशीनने पातळ पत्रा जळतो, तेवढं काम मिग वेल्डिंगवाल्याकडून. घरी टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग फवारू नका, त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क थांबवत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते हयात आहेत, मुदत संपलेली. घोड्या आणल्या. चासी वाजवून झाली: मागचा आडवा बार बद्द, डाव्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. बाकी टणक. कर्णातला फरक ४ मिमी. चेंबरमधून आधी पाऊण लिटर पाणी, मग काळं तेल. क्रँक तिसऱ्या दिवशी हलला, दोन फेरे पूर्ण. म्हणजे बॉडी उतरवायची नाही ना?

सुटं_चाक
४ मिमी आणि एकच बार असेल तर माघार घेतो. मागचा बार बॉडी जागेवर ठेवून बदलता येतो. फक्त जुना कापण्याआधी दोन्ही चासी पट्ट्यांमध्ये एक अँगल तात्पुरता टाका, नाहीतर कापल्यावर चौकट उघडते आणि तुमचे ४ चे १४ होतात. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा, टाकी उतरवून लांब ठेवा.

ग्रीसगन
क्रम असा धरा: घोड्यांवर गाडी, ब्रेक आणि हब, मागचा बार, चेंबर उतरवून एक बेअरिंग कॅप उघडून नजर, क्लच, मग इंजिन सुरू. एका वेळी एकच भाग उघडा असू दे. पहिली फेरी सपाटीला, पाच किलोमीटर, लगेच चारही ड्रमजवळ हात न्या. एकच गरम असेल तर तिथला शू अडकतोय. दंडोबा किंवा यवतेश्वरचा घाट त्यानंतर. फोर व्हील डांबरावर टाकू नका, पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना पिळतात आणि लीव्हर अडकतो.

कृष्णाकाठ
सुरुवात केली. मागच्या डाव्या चाकाचे नट हलेनात म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावला. एक स्टड नटासकट तुटला. आता टोकावर एल दिसतोय...

चहाबाज
मिरज_जंक्शन यांचा प्रतिसाद ठळक अक्षरांत होता हो.

मिरज_जंक्शन
असू दे. उरलेल्यांना गंज काढणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने सोडवा. तुटलेला स्टड हातोडीने बाहेर ठोकू नका. जुन्या हबमध्ये स्टड ड्रमवर फुलवून बसवलेले असतात, तसाच ठोकला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवीन स्टड फिरत राहतो. लेथवर नेऊन फुललेली कड आधी कापून घ्या, मग प्रेसवर काढा. नवीन स्टडही एल वालाच मागा, नाहीतर त्या चाकाला चार नट एकीकडे आणि एक दुसरीकडे.

लेथवाले_मामा
आणि उजव्या बाजूला आटे सरळ आहेत. आता तिकडे पाइप उलटा लावू नका.